आत्याचे दोन पगार

आयुष्यभर इतरांचे निबंध तपासले आणि आता निवृत्तीनंतर स्वतः लिहायला बसलो, हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. माझ्याकडे थोर असे सांगण्यासारखे काही नाही. आत्याची एक हकिगत तेवढी आहे.

आत्याचे सासर मूर्तिजापूरचे, माहेर मोर्शीचे. वैधव्यानंतर ती दिवाळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत आमच्याकडे आणि उरलेले वर्ष दिराकडे राहू लागली. निराधारांना सरकारकडून मिळणाऱ्या मासिक मदतीला वऱ्हाडात सरळ ‘पगार’ म्हणतात. दिराने तो तिच्या सासरच्या नावाने सुरू करून दिला. बहिणीची तरतूद सासरच्यांनीच करावी, हे माझ्या वडिलांना कमीपणाचे वाटले. त्यांनीही मोर्शीला, तिच्या माहेरच्या नावाने, अर्ज भरला. दोघांनी एकमेकांना कधी विचारले नाही. पुढे आधार जोडले गेले, दोन्ही नावांची बाई एकच निघाली आणि वसुलीची नोटीस आली.

मी अमरावतीहून मूर्तिजापूरला जाऊन तिला तिथल्या तहसीलीत नेले. जादा गेलेली रक्कम पुढच्या पगारातून थोडी थोडी कापू, असे कारकुनाने सांगितले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

“आजी, दोन-दोन पगार उचलून राहिल्या तुमी?” त्याने विचारले.

“एक माहेरचा, एक सासरचा. बाईले दोन घरं असतेत ना, बाबू?”

“घरं दोन असतेत, सरकार एकच असते.”

“मंग त्या एकाच सरकारनं दोनदा कावून देल्ला? मी काय मांगाले आलती?”

रांगेतली माणसे हसली, कारकूनही हसला.

“बरं, आता एक गाव ठेवा लागते, एक काटा लागते. कोन्तं काटू?”

आत्याला पैशाचे काही नव्हते. पण कागदावरचे का होईना, एक घर तिला स्वतःच्या तोंडाने खोडायचे होते. तिने माझ्याकडे पाहिले.

“तू तं एवढा शिकेल हायस. सांग ना.”

मी भिंतीवरच्या सूचना वाचू लागलो.

“याच्या शिकन्याले काय चाटा लागते?” असे म्हणून ती कारकुनाकडे वळली. “मोर्शी काट. भाऊ चिडन, पन चिडूनई घ्याले येईन. दिराले वाईट वाटलं तं तो बोलनारई नाई.”

वडील चिडलेच. काही दिवस त्यांनी तिचा फोन घेतला नाही. मग मलाच गाडी काढायला लावून तिला आणायला निघाले.

“माहंच गाव काटलं!” ते वाटभर कुरकुरत होते. “तू तं तिथंच होता. तुले इचारलं, तं तू कावून नाई बोल्ला?”

माझ्या जागी तुम्ही असता, तर कोणते गाव सांगितले असते?