भुरी दोन्हीकडं होती

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पुढं मास्तरांचं अन् माझं पटलं नाय. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण ऑपरेशन करणार नाय म्हणून घरात सांगून टाकलेलं. शेळ्या मला नावानं वळखतात, मग डोळे लागतात कशाला?

त्या दिवशी देवगाव रंगारीचा माझा मेव्हणा आलता. भाकड शेळ्या बाजारात आणल्या, भाव पटला नाय, म्हणून टेम्पो येईस्तोवर पडेगावात माझ्या अंगणात सोडल्या. माझ्या शेळ्यांत मिसळल्या सगळ्या.

नात तिथंच ओट्यावर कॉम्प्युटर घेऊन बसलेली. मी इचारलं, "काय चाललंय?"

"आबा, प्रोग्राम लिहितीय. त्यात मॅप म्हणजे नावानिशी माल ठेवायची जागा. त्या नावाला 'की' म्हणतात, म्हणजे किल्ली. दोन मॅपच्या की ताडून बघायच्या, कुठली हिकडं नाय, कुठली दोन्हीकडं हाय."

"हात्तिच्या! मी जन्मभर तेच केलं." अन् शेळ्यांची नावं घडाघडा सांगितली. माझ्या भुरी, बांडी, तांबडी. मेव्हण्याच्या भुरी, काळी, कानी.

ती म्हणली, "भुरी दोन्हीकडं हाय. की जुळली म्हणजे माल एकच असं नसतं, आबा. तिथं आत बघावं लागतं."

"आत काय बघायचं? माझी भुरी माझ्याच हाकेला येती."

संध्याकाळी मेव्हण्याचा टेम्पो आला. मी हाक मारली, "भुरेऽ!" जी आधी आली ती माझी म्हणून खुट्याला बांधली. दुसरी मेव्हण्याला दिली. त्याचा चष्मा खिशात. म्हणला, "दाजी, तुमची नजर लई पक्की!" आणि गेला.

धारंला बसलो तर थेंब नाय. भुरीचं करडू धडका देतंय, शेळी त्याला लाथा घालतीय. बायको दारात येऊन उभी राहिली.

"नावं जुळली. आता दूध जुळवा."

"शेळी रुसली आसंल."

"रुसली नाय, माझ्या भावाची हाय ती! लावा त्याला फोन."

"फोन नाय लावायचा."

"मग हे करडू काय तुमची ऐट पिणार?"

बाटलीनं पाजायला गेलो तर करडानं तोंड फिरवलं. नात आत हसत होती. मी वळून बघितलं की खोकायची. मला हसू येत नव्हतं. उपाशी करडाचं वरडणं काळजात घुसतं, अन् ते थांबवणारी आई देवगावला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मेव्हण्याची भुरी रिक्षात घातली, करडू मांडीवर घेतलं अन् देवगाव गाठलं. मेव्हण्याच्या दावणीशी मी कुणालाच हाक मारली नाय, नुसतं करडू खाली सोडलं. ते नीट जाऊन एकीच्या कासंला लागलं.

मेव्हणा डोळं चोळत म्हणला, "दाजी, हे काय?"

"नातीला शिकवत होतो," मी म्हणलं. "तू चहा टाक."