बोअरमधली भरती-ओहोटी

"मॅडम, चोर तुमच्याच मशिननं धरलाय. आता तुमी फक्त सही करा."

सरपंचांनी माझ्या टेबलावर ग्राफ पसरला. ग्राफ आमच्याच ऑफिसचा होता. निमगाव सावाच्या पलीकडे एका वस्तीवर भूजलाची पातळी मोजायला आम्ही एक बोअर राखून ठेवलं होतं. त्यातून कुणी पाणी उपसायचं नाही. आत एक सेन्सर सोडलेला असे आणि तो दर तासाला पातळी नोंदवायचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे यंत्र आम्हालाही नवलाचं होतं. नियमाप्रमाणे ग्राफची एक प्रत ग्रामपंचायतीला जायची.

त्या ग्राफमधली रेघ दिवसातून दोनदा जराशी खाली जात होती आणि पुन्हा वर येत होती. फरक जेमतेम बोटभर. गावाने अर्थ लावून टाकला होता. शेजारच्या शेतातले उत्तमराव दिवसातून दोनदा गुपचूप मोटर चालवतात, म्हणून गावाच्या पिण्याच्या बोअरला पाणी कमी पडतं. त्यांचं बोअर सील करायचा ठराव तयार होता. भूवैज्ञानिक म्हणून माझा अहवाल तेवढा बाकी होता.

"द्या ना लिहून," आमचे साहेब म्हणाले. "ग्राफ तर स्पष्ट आहे."

"सर, रेघ हलते हे स्पष्ट आहे. कोण हलवतंय ते नाही."

"मग ग्रामसभेच्या आत शोधा. नंतर मला कुणाचा फोन यायला नको."

मी वस्तीवर गेले. उत्तमराव पुण्यात कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन गावी आले, साठवलेल्या पैशातून बोअर घेतलं, कांदा लावला. त्यांनी मला मोटर, स्टार्टर, पाइप सगळं न विचारता दाखवलं.

"मधी मोटर जळली व्हती," ते म्हणाले. "रिवायंडिंगला आळेफाट्याला पडून व्हती. तवाबी तुमची रेघ खालीवर व्हतच असंल, बघा. पण माझं ऐकतंय कोण? मोटरी समद्यांच्याच चालत्यात. ह्या बाजूला बौद्धाचं घर एकच. नाव माझंच निघालं."

त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. मी पिऊन होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "बोअर गेलं तर आमी परत पुण्याला जायाचं का?"

ऑफिसात आल्यावर मी सगळा डेटा कॉम्प्युटरवर घेतला. आधी माझी नेमणूक कोकणात होती. तिथे समुद्राजवळच्या नद्यांची पातळी भरती-ओहोटीने खालीवर होते. त्यात पावसाचं पाणी मिसळलं की पूर किती आणि भरती किती, कळत नाही. ते वेगळं काढायला स्पेक्ट्रल अ‍ॅनालिसिस वापरतात. नाव जड आहे, काम साधं. मिरवणुकीत ढोल, ताशा, झांज एकदम वाजतात, तरी कान दिला तर प्रत्येकाचा ठेका वेगळा ऐकू येतो. हे गणित तसाच कान देतं. एका रेघेत किती ठेके मिसळलेत आणि कोणता किती वेळाने परत येतो, ते सांगतं. ज्याचा जोर जास्त, त्याचा आलेखातला सुळका उंच.

तीन सुळके निघाले. चोवीस तासांचा सुळका अगदी बुटका. तो परिसरातल्या सगळ्या मोटरींचा. बारा तासांचा हवेच्या दाबाचा, कारण तो दिवसातून दोनदा चढतो-उतरतो. सगळ्यात उंच सुळका बारा तास पंचवीस मिनिटांवर होता.

हा आकडा मी कोकणात रोज पाहिलेला. तो भरतीचा, म्हणजे चंद्राचा.

चंद्र फक्त समुद्राला ओढत नाही, जमिनीलाही ओढतो. खोल कातळातल्या बंदिस्त भेगा त्या ओढीने केसभर रुंदावतात आणि त्यातलं पाणी किंचित खाली जातं. ओढ सुटली की वर येतं. पुस्तकात वाचलं होतं. जुन्नर तालुक्यात, समुद्रापासून इतक्या लांब, आपल्याच बोअरमध्ये ते दिसेल असं वाटलं नव्हतं. उत्तमरावांची मोटर बंद होती ते दिवसही काढून पाहिले. ठेका चालूच होता.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. मी सांगत होते आणि लोक एकमेकांकडे बघत होते.

"म्हंजे चंद्र पाणी चोरतो म्हनता?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

मी भिंतीवर ग्राफ लावला. "मोटर विजेच्या वेळेवर चालते. ही रेघ बघा. आज जेव्हा खाली गेली, उद्या त्याहून सुमारे पाऊण तास उशिरा. परवा आणखी तेवढाच उशीर. मोटर अशी कोण चालवेल?"

सरपंच उठून ग्राफजवळ गेले. बालपणी ते वडिलांबरोबर मेंढरांमागे रानोमाळ फिरलेले. बोट ठेवत ते एकेक दिवस पुढे गेले.

"दोन घटका, म्हंजे पाऊण तासच," ते हळूच म्हणाले. "चांद रोज दोन घटका उशिरा उगवतो. बाप शिकवायचा." आणि लोकांकडे वळून म्हणाले, "बरोबर हाय मॅडमचं. ठराव ऱ्हाऊ द्या."

"मग आमच्या बोअरचं पाणी गेलं कुठं?" एका बाईने विचारलं.

तेही ग्राफमध्ये होतं. सगळे ठेके काढून टाकले की खाली एक तिरकी रेघ उरत होती, सावकाश उतरणारी. तो सगळ्यांचा मिळून उपसा होता. मी तसं सांगितलं. तेवढ्यात चहा आला.

उत्तमरावांची माफी कुणी मागितली नाही. ते मला जीपपर्यंत सोडायला आले.

"मॅडम, येक इचारू? समजा त्या रेघेत चंद्र निघाला नसता, मोटरी निघाल्या असत्या. समद्यांच्या. मंग बी सील माझंच झालं असतं ना?"

मी जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

काही वर्षांनी त्या पट्ट्यातली बरीच बोअरं आटली. सरपंचांचं आटलं, उत्तमरावांचंही आटलं. आता कुठल्याही गावाला ग्राफ देण्याआधी मी तलाठ्याला किंवा शाळेतल्या गुरुजींना एक गोष्ट विचारून घेते: सध्या इथे कुणाचं कुणाशी बिनसलंय? भूजलशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न नाही. असायला हवा.