तिसरा हात

माझ्यासारख्याने एका कसबी माणसाबद्दल लिहावं, हे आगाऊपणाचं आहे. माफ करा. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच.

परळीत स्टेशनजवळ एक काका गिटारच्या केबल बनवून देत. विकतची केबल महिन्याभरात खरखरायची, त्यांची कधीच नाही. एका हातात केबलची पिन, दुसऱ्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न आणि जोडावर वितळवायची सोल्डरची तार दातांत धरलेली.

"देवानं हात दोनच दिले बे. तिसरा हात म्हंजी हे दात," मी केबल करून घ्यायला गेलो तेव्हा ते हसून बोलले. तयार केबल माझ्याकडं टाकून म्हणाले, "वढ! अजून जोरात. जेवला न्हाईस का?"

मी ओढली. जोड हलला नाही.

सोल्डरमध्ये शिसं असतं आणि ते हळूहळू भिनणारं विष आहे, हे मी त्याच आठवड्यात कॉलेजात शिकलो होतो. सांगावंसं वाटलं. पण इतक्या वर्षांच्या कारागिराला मी काय शिकवणार? "येतो काका," एवढंच म्हणालो.

तीन वर्षं झाली. केबल अजून शाबूत आहे. परवा परळीचा मित्र भेटला. म्हणाला, "काकाचं दुकान बंद हाय. मनगटंच उचलंनात. डाक्टर म्हनला, रक्तात शिसं हाय."