मेंदूचा देठ

एकाच खोलीत तीस वर्षं मेंढ्या-बकऱ्यांची डोकी उघडली, की दोन गोष्टी साठतात. मेंदूचे तुकडे आणि किस्से. तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून लेबल लावता येतं. किस्से तसेच पडून राहतात. चार माणसं बसली की कोणीतरी म्हणतं, "मामा, तो सांगा ना." म्हणून सांगतो.

मी यवतमाळला जनावरांच्या एका प्रयोगशाळेत अटेंडंट. सातवी पास. निवृत्त झालो, तरी परत बोलावलं. मेंढीची कवटी न फोडता, मागच्या भोकातून लांब चमचा घालून मेंदूचा देठ, म्हणजे मेंदू पाठीच्या कण्याला जोडणारा भाग, साबूत काढणारा दुसरा माणूस त्यांना सापडला नाही. डॉक्टर बरेच सापडले!

*

आमच्या मॅडम प्रिऑनवर संशोधन करतात. या रोगात मेंदूची चाळणी होते. मेंढीच्या, गाईच्या, माणसाच्याही. प्रत्येकाचा प्रकार वेगळा, शेवट एकच.

मी विचारलं, "मॅडम, हा जंतू हाय का?"

"नाही मामा. अंगातलंच प्रथिन. एक वाकडं झालं, की शेजारच्याला वाकडं करतं. ते त्याच्या शेजारच्याला. बाहेरून वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही."

"समजलं," मी म्हणालो. "आपले जुने हेडक्लार्क!"

*

एक मोठे साहेब पाहणीला आले. विचारलं, "यावर लस?" मॅडम म्हणाल्या, "नाही." "औषध?" "नाही." "उकळलं तर मरतो?" "साहेब, तो जिवंतच नसतो. साध्या उकळण्यानं काही होत नाही."

मी चहा पुढे केला. साहेब कपाकडे बघत राहिले.

"घ्या साहेब, चांगला उकळला हाय," मी म्हणालो.

साहेबांनी पाहणी तिथेच संपवली.

*

बोरी अरब गावाकडचा सखाराम मेंढ्या राखतो. त्याची एक मेंढी दिवसभर खांबाला अंग घासायची. लोकर गेली, चाल बिघडली. मॅडम गेल्या, सोबत मी. मॅडमनी मेंढीची पाठ खाजवली, तशी ती ओठ हलवू लागली. या रोगाची ही एक खूण.

सखाराम म्हणाला, "मॅडम, माही पाठ खाजवा. मी बी ओठ हालवतो!"

आठ दिवसांनी मेंढी मेली. डोकं माझ्या टेबलावर आलं. चमचा घातला, देठ सुटत आला, आणि शेवटचा धागा कापताना सुरी घसरली. दोन हातमोजे कापून अंगठ्यात गेली.

मॅडमनी धावत येऊन माझा हात नळाखाली धरला. "मामा, खूप दुखतंय का?"

"देठ तुटला," मी म्हणालो.

सात वर्षं झाली त्याला. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला आणि रिपोर्ट आला, 'नमुना अपुरा, निदान शक्य नाही.' माझ्या हातचा परत आलेला तो एकच नमुना. मेंढीला रोग होता की नव्हता, ते आता कोणालाच कळणार नाही.

मॅडम म्हणाल्या, "मेंढीचा हा रोग माणसाला होतो असा पुरावा नाही, मामा."

"म्हणजे होत नाई?"

"पुरावा नाही."

तेव्हापासून मीही एक नमुना आहे. फक्त चालता-फिरता.

*

दर वर्षी मॅडम माझी तपासणी लावतात. मेडिकल कॉलेजचे एक तरुण डॉक्टर येतात, मॅडम बाजूला बसतात. आज वार कोणता? हात पुढे करा. रेघेवर चाला. एकदा म्हणाले, "शंभरातून सात वजा करत जा."

"त्र्याण्णव. शहाऐंशी." पुढे मी थांबलो.

डॉक्टरांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मी म्हणालो, "डॉक्टर, मेंदू बिघडला का शाळा कमी पडली, हे कसं समजन तुमाले? आता तुमी करा."

डॉक्टर हसत सुरू झाले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, चौसष्ट.

"मॅडम," मी म्हणालो, "यायचा बी एक फॉर्म भरा!"

*

विसरभोळेपणा दिसला की लगेच कळवा, असं मॅडमनी माझ्या बायकोला सांगून ठेवलं होतं. एका सकाळी तिनं फोन लावला. मी बाजूलाच दाढी करत होतो.

"मॅडम, बुढा विसरून राह्यला."

मॅडम घाबरल्या. फोनमधून मला ऐकू येत होतं. "काय विसरतात, काकू?"

"माहा भाऊ आजारी हाय. त्याले भेटाले जाच हाय म्हनून चार खेपा सांगतलं. चारी खेपा विसरले."

"हे कधीपासून?"

"लग्न झालं तवापासून!"

*

सखाराम मात्र कोणताच फॉर्म भरत नाही. बोरी अरबच्या बाजारात भेटला की आधी माझ्या मागे जातो, सदऱ्यावरून पाठ खाजवतो, मग पुढे येऊन माझ्या ओठांकडे बघतो.

"नाई हालत," म्हणतो. "बरे हा तुमी."

मग चहा सांगतो. चहा होईपर्यंत माझा अंगठा हातात धरून बसतो. मी काढून घेत नाही.

*

मागच्या महिन्यात मॅडमनी एक कागद आणला. मी मेल्यावर माझा मेंदू संशोधनाला द्यायचा, असा. त्या खाली बघूनच बोलत होत्या. "मामा, जबरदस्ती नाही. पण सात वर्षांचं उत्तर त्यातच आहे."

"सही करतो. पण काढनार कोन?"

"मेडिकलचे डॉक्टर कवटी उघडतील. देठ मी कापीन."

"तुमी?"

टेबलावर त्या दिवशी आलेलं एका मेंढीचं डोकं होतं. मी चमचा त्यांच्या हातात दिला. "काढा."

पंधरा मिनिटं लागली. मॅडमना घाम फुटला. देठ ट्रेमध्ये आला. दोन तुकड्यांत.

"माणसाचं वेगळं असतं, मामा," त्या हळूच म्हणाल्या. "कवटी पूर्ण उघडलेली असते."

मी कागद उचलला, घडी घातली, खिशात ठेवला.

"उद्या धा वाजता या," मी म्हणालो. "दुसरं डोकं आनून ठेवतो. तुमाले जमेपर्यंत मले काई मरता येत नाई."