बॉनेटमागची थाप

गल्लीतली माणसं त्या गाडीला जहाज म्हणत आणि तिच्या मालकाला कॅप्टन. कॅप्टननं उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पण अमेरिकेत बनलेली ती जुनी लांबलचक गाडी वळणावर आली की तोंड वळून जायचं आणि शेपूट अजून सलूनपाशीच असायचं. मग जहाज नाही तर काय म्हणणार? मागे माशासारखे दोन पर, पुढे दात विचकल्यासारखी चकचकीत जाळी, आत सोफ्यासारखी एकसंध सीट. कॅप्टन एका डॉक्टरांचा ड्रायव्हर होता. डॉक्टर गेले, त्यांच्या मुलांना छोट्या, नव्या गाड्या हव्या होत्या, म्हणून हे धूड त्यांनी कॅप्टनच्या गळ्यात घातलं. कॅप्टनला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला.

गाडीला तो तळहाताच्या फोडासारखं जपायचा. प्लग स्वतः काढून घासायचा. पावसात चढ लागला की वायपर थबकायचे, कारण ते इंजिनाच्या ओढीवर चालत. मग तो क्षणभर पाय उचलायचा, वायपरला एक फेरी मारू द्यायचा आणि पुन्हा पाय दाबायचा. शेजारी बसलेल्या बायकोला त्या तालाची इतकी सवय झाली होती की त्याच्या आधी तीच म्हणायची, "अहो, उचला." अशा गाडीबरोबर संसार करायला दोन माणसं लागतात, एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे.

चोकची गोष्टही तशीच. थंड इंजिन सुरू होताना हवा कमी लागते, म्हणून कार्बोरेटरच्या तोंडावर चोकची पत्र्याची झडप असते. ती पहिल्याच हिवाळ्यात मोडली. कॅप्टननं बायकोला हाक मारली. ती भांडी टाकून आली, ओल्या हातांनी. "इथं तळवा ठेव, मी सेल्फ मारतो," एवढं सांगून तो आत जाऊन बसला. इंजिन घुरघुरलं आणि उघड्या बॉनेटमागून ती ओरडली, "अहो, हात आत ओढतंय हे!" आणि मग हसत सुटली. इतकी की डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून ते काम तिचं झालं. बॉनेट उघडं असल्यानं आतून त्याला ती दिसायची नाही. तो सेल्फ मारायचा आणि विचारायचा, "आहेस ना गं?" ती तळव्याखालून थोडी थोडी हवा सोडत इंजिन स्थिर करायची आणि मग मडगार्डवर दोन थापा मारायची. धप धप. म्हणजे आहे, झालं, चला. मग बॉनेट खाली यायचं आणि काचेपलीकडे तिचा चेहरा उगवायचा. तिच्या उजव्या हाताला साबणानंही न जाणारा पेट्रोलचा वास होता.

गाडीचं मोठं काम बघणाऱ्या मिस्त्रीनं कितीदा सांगितलं, की झडप काय, पत्रा कापून मी अशी बनवून देतो. बाई ऐकेचनात. "चोक बसला की हे सुटले एकटे. मला कोण विचारतंय मग?" सगळे हसायचे. मिस्त्रीही हसायचा.

मग ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. गाडीवर ताडपत्री पडली, आणि कॅप्टन घरात असा वावरू लागला, जणू आपण कुणाच्या तरी घरी पाहुणा आलोय आणि यजमान कुठंतरी बाहेर गेलेत.

फार दिवस उभी राहिली तर गाडी मरते, हे त्याला ठाऊक होतं. एका सकाळी त्यानं ताडपत्री काढली, बॅटरी भरून आणून जोडली, आणि कार्बोरेटरच्या तोंडावर ओलं फडकं अर्धवट पसरलं. तळव्याची सर फडक्याला येत नाही, पण तळवा आणायचा कुठून? आत बसून त्यानं सेल्फ मारला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आहेस ना गं?"

इंजिन लागलं. आणि उघड्या बॉनेटमागून आवाज आला. धप धप.

कॅप्टनच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याला हाक मारता येईना, उठता येईना. बऱ्याच वेळानं तो उतरला, मडगार्डला धरत धरत पुढे गेला. तिथं कुणी नव्हतं. फडकं थरथरत होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तो उतरलाच नाही. बॉनेट उघडं असेपर्यंत ती पलीकडे आहे. उतरून पाहिलं की नाही. एवढा साधा हिशोब होता, आणि मग पाहायचं कशाला? भुताला माणूस घाबरतो म्हणतात. कॅप्टनला भीती वाटायची ती बॉनेट खाली करायची.

मग रोजचंच झालं. सकाळी चहा पिऊन तो स्टिअरिंगमागं बसायचा, दोन थापा ऐकायचा आणि त्या रंगवलेल्या पत्र्याशी बोलत राहायचा. नळ गळतोय. लेकीचा फोन आला होता. तुझा चष्मा सापडला, गादीखाली होता. अर्धवट झाकल्या तोंडानं इंजिन धापा टाकायचं, काळा धूर ओकायचं, प्लग काजळीनं माखायचे. ज्या माणसानं गाडीला कधी शिंकू दिलं नाही, त्यानं तिचे असे हाल केले आणि त्याला काही वाटलं नाही. "काय कॅप्टन, जहाज बंदरातच का?" सलूनवाला विचारायचा. कॅप्टन हसून म्हणायचा, "गरम करतोय." गाडी वीतभरही पुढे सरकली नव्हती.

सलूनवाल्यानंच बहुधा लेकीला कळवलं. ती आली. बॅग दारात ठेवून दोन दिवस बापाकडं नुसती बघत राहिली. तो खात होता, झोपत होता, विचारलं तर उत्तर देत होता. सकाळ झाली की मात्र त्याचा चेहरा पाहवत नसे, इतका आनंदी दिसायचा.

तिसऱ्या सकाळी गाडीचा आवाज झाला तशी ती चप्पल न घालता बाहेर धावली आणि थेट बॉनेटपुढं जाऊन उभी राहिली. आतून बापाचं चाललं होतं, "...आणि ती आलीये बरं का. वाळलीये जरा." लेकीला गलबलून आलं. तिनं त्या धुरकटलेल्या फडक्याला हात घातला, काढून टाकावं म्हणून.

फडकं निघताच मोकळी हवा मिळाली आणि इंजिन उसळलं. एका बाजूनं चक्क वर उचललं गेलं, त्याबरोबर ॲक्सिलरेटरची सळई ताणली गेली आणि सगळी गाडी किंचाळायला लागली. पंख्यानं फडकं लेकीच्या हातातून हिसकलं आणि चिंध्या केल्या.

"बाबा!"

क्षणभर, फक्त क्षणभर, कॅप्टनला वाटलं की दुसरंच कुणी ओरडलं. मग त्यानं किल्ली फिरवली आणि धडपडत उतरला. लेकीची बोटं त्यानं एकेक करून पाहिली, लहानपणी पाहायचा तशी. सगळी जागेवर होती.

मिस्त्री आला, गाडीखाली सरकला आणि तिथूनच बोलायला लागला. "कॅप्टन, शुद्धीवर आहात का? इंजिन ज्या रबरावर बसतं ना, ते डावीकडचं पार तुटलंय. इंजिन लागताना उचकतं आणि चासीवर आपटतं. धप धप आवाज येत नव्हता?"

कॅप्टन हळूच म्हणाला, "येतो. ती गेल्यापासून येतो."

"गेल्यापासून कसला? तुटलेल्या कडा बघा, घासून गुळगुळीत झाल्यात. वर्षं झाली असतील याला."

"शक्यच नाही. तेव्हा थाप ती मारायची."

लेक पायरीवर बसली होती. तिनं मान खाली घातली. "नाही, बाबा. आईच्या हाताचे सांधे धरले होते, त्यानंतर तिला थाप मारवत नव्हती. मला म्हणाली होती, आता गाडीच मारते माझ्यावतीनं, मी नुसती तळवा धरून उभी असते. तुम्हाला सांगू नको म्हणाली. कळलं असतं तर तुम्ही रबर बदललं असतं, चोक बसवला असता, आणि तिला म्हणाला असता, तू बस घरात."

खरंच म्हणाला असता. मायेनंच म्हणाला असता, आणि ते त्याला आता, इथं उभ्या उभ्या कळत होतं. काचेपलीकडे रोज जो चेहरा उगवायचा, तो दुखणं गिळून हसत होता, आणि प्लगची काजळी बोटभर अंतरावरून ओळखणाऱ्या माणसाला ते कधी दिसलं नाही. कॅप्टन लहान मुलासारखा रडला. मिस्त्री गाडीखालून बराच वेळ बाहेर आलाच नाही.

"रबर बदल," शेवटी कॅप्टन म्हणाला. लेकीची बोटं त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"आणि चोक?"

"चोक राहू दे."

लेक परत जायच्या दिवशी त्यानं किल्ली तिच्या हातात दिली. "स्टेशनपर्यंत तू चालव. गियर स्टिअरिंगखाली आहे, सांगतो मी." बॉनेट उघडलं आणि गाडी सुरू होताना आयुष्यात पहिल्यांदा तो त्या बाजूला उभा राहिला. मडगार्डच्या कडेला एका जागी रंग उडून पत्रा दिसत होता. तिथं त्यानं बोट फिरवलं, मग उजवा तळवा कार्बोरेटरवर ठेवला. लेकीनं सेल्फ मारला.

ओढ आली तशी तो दचकला. तळव्याची कातडी आत खेचली जात होती, मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली, आणि हात गार पडला. धडधाकट हाताची ही गत. धरलेल्या सांध्यांनी ती रोज हे करत होती. त्यानं हात काढला नाही. थोडी थोडी हवा सोडत राहिला. इंजिन लागलं, शांत, नव्या रबरावर अलगद बसलेलं. कुठूनही धप आली नाही.

त्याच्यासमोर नुसता उभा पत्रा होता. पलीकडे कोण बसलंय, ते इथून दिसत नव्हतं.

"बाबा?" पत्र्यामागून आवाज आला, जरासा घाबरलेला. "आहात ना?"

कॅप्टननं बधिर झालेला हात उचलला आणि रंग उडालेल्या त्या जागी दोन थापा मारल्या.