अक्काचा फलाट

आधी जेवणाचा डबा गाडीत जायचा, मग छत्री, मग दोन्ही चपला. एवढं सामान खिडकीतून पोचलं की अक्का पदर खोचून दोन्ही हात वर करायची आणि ओरडायची, "चला रे भाऊस्वन, उचला माले!"

चाळीसगाव-धुळे मार्गावरचं आमचं स्टेशन म्हणजे एक निंबाचं झाड आणि एक पत्र्याची पाटी. फलाट नव्हताच. गाडी खडीवर थांबायची आणि डब्याचं पहिलं पायदान कमरेच्या वर असायचं. सडपातळ माणूस कसाबसा चढे. अक्का मात्र देहाने भरभक्कम. धुळ्याच्या दवाखान्यात ती बाळंतपणाची नर्स होती. मी धुळ्यातच एका कचेरीत कारकून. रोजच्या गाडीच्या आम्हा चौघांकडे तिला उचलण्याचं खातं होतं. दोघं खालून लोटत, दोघं वरून ओढत, आणि मधे लोंबकळत अक्का आमचीच चौकशी करी, "आज जेवले नाहीत का रे? जोर कुठे गेला?"

स्वतःवरचं हसू असं झेलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण एकदा तिच्याच वॉर्डाकडे निघालेली एक अवघडलेली सून त्या पायदानावरून घसरली. अक्काने तिला वरच्या वर झेललं म्हणून निभावलं. त्या दिवशी धुळ्यापर्यंत अक्का तिचा हात धरून बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "आता फलाट पाहिजे."

थोड्याच दिवसांत बातमी आली की रेल्वेचे मोठे साहेब लाईनची पाहणी करत येणार आहेत. अक्काने अख्खं गाव गोळा केलं. हार, नारळ, आणि निंबाखाली पंगत: वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी.

साहेबांची गाडी थांबली. साहेब दारात उभे राहिले आणि हारासाठी त्यांनी मान पुढे केली. अक्का हार घेऊन निंबाखाली ढिम्म उभी.

"साहेब, आमनाकडे पाहुना दारमा उभा राहीसन हार लेत नही. खाले या!"

साहेबही अक्काच्याच बांध्याचे. त्यांनी खाली पाहिलं, डोळे मिटले आणि धप्पकन उडी मारली. टाळ्या झाल्या. हार झाला. भरीत इतकं आवडलं की साहेबांनी पुन्हा मागून घेतलं.

मग परत चढायची वेळ आली. साहेबांनी पाय उचलला, तो पोचेना. शिपायाने वरून हात दिला, तर शिपाईच खाली यायला लागला.

"सरका," अक्का म्हणाली, आणि आम्हा चौघांकडे पाहिलं. आमच्या हाताला सवय होतीच. दोघे खाली, दोघे वर. अक्का बाजूला उभी राहून दवाखान्यातल्या आवाजात सांगू लागली, "घाबरू नका साहेब. लांब श्वास घ्या. हां, आता जोर लावा... अजून थोडा... लावा जोर!"

साहेब सुटले आणि डब्यात पालथे पडले. बाळंतीण सुटल्यावर ओरडायची तशीच अक्का सवयीने ओरडली, "मोकळा व्हयना रे, मोकळा व्हयना!"

सगळं गाव डब्याच्या दाराकडे बघू लागलं. आता काय होतंय! तेवढ्यात आतून खदाखदा हसण्याचा आवाज आला. साहेब दारात येऊन डोळे पुसत म्हणाले, "बाई, फलाट होईल."

आणि झाला की हो! मुरूम पडला, दगड बसले, वर गुळगुळीत कोबा झाला. पहिल्या दिवशी बँड लावला होता. अक्का नवं लुगडं नेसून आली, चपला पायातच. गाडी लागली. अक्का चढली. उतरली. पुन्हा चढली. पुन्हा उतरली.

गार्ड वैतागला. "अक्का, जायचंय की राहायचंय?"

"थांब रे भाऊ," ती लहान पोरीसारखी हसत म्हणाली, "इतला वरीसमा पहिल्यांदा एकली चढी राहिनू!"

आम्ही चौघे रिकाम्या हातांनी टाळ्या वाजवत होतो.

पुढे ती निवृत्त झाली आणि लेकीकडे शिरपूरला राहायला गेली.

त्यानंतर एका संध्याकाळी धुळ्याच्या गाडीतून एक बाई उतरली. कडेवर गुटगुटीत पोर. गाडी गेली तरी ती इकडेतिकडे बघत फलाटावरच उभी.

"अक्का कोठे शे?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "तिनाच हातनं शे हाई पोरगं. तिले दखाडाले लई उनू व्हतू."

मी हात पुढे केले. तिने पोर माझ्याकडे दिलं, आणि त्याने माझा चष्मा ओढून काढला.