आत्यांच्या फरशीवर टाइल्स

डोळा लागतोय न लागतोय अशी मी बाहेरच्या खोलीत चटईवर आडवी आहे. भर दुपार, डोक्यावर पंखा कुरकुरतोय. समोर स्वयंपाकघराचं दार उघडं, आणि आत नव्याकोऱ्या टाइल्स. आत्ताच बसवून झाल्यात. दस्तगीर मिस्त्री जाताना दहादा बजावून गेलाय, "वहिनी, वाळेपर्यंत मांजरसुद्धा जाता कामा नये आत."

जुन्या व्हिनाइलच्या फरशीवरच बसवल्यात. ते व्हिनाइल माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, मोठ्या हौसेनं घातलेलं. दिसायला लाकडासारखं, पण थेंबभर पाणी पडलं की घसरगुंडी! आत्या गेल्या वर्षी गेल्या आणि परवा त्याच व्हिनाइलवरून आमचे हे घसरले. फुप्फुसाचं ऑपरेशन होऊन नुकते घरी आलेले, अंगात त्राण नाही. मी म्हटलं, बास झालं आता. पण उकरून काढायचं तर घरभर धुरळा, आणि धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका म्हणून डॉक्टरांनी दम भरलेला. मिस्त्रीनं व्हिनाइल कानाकोपऱ्यात दाबून बघितलं, म्हणाला, घट्ट धरलंय, वरूनच बसवू. मग बसवल्या. ह्यात माझं काय चुकलं, सांगा.

"माझी फरशी कुठं गेली गं?"

आत्या. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभ्या. अंगात शेवटच्या दिवसांतला, दवाखान्यातला तो ढगळ गाऊन, पण केस चापूनचोपून बसवलेले. त्या नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तोंडातून निघतंच.

"आहे की, आत्या. खालीच आहे. काढली नाही."

"म्हणजे माझ्या उरावरच बसवलीस होय?"

"यांच्यासाठी केलं. घसरतात हे."

"माहितीये मला. त्यालाच न्यायला आलेय."

हे आतल्या खोलीत झोपलेत. मी आणि ती भिंत, एवढंच आहे मध्ये.

स्वयंपाकघर लांबायला लागतं. ओटा तिथंच आहे, पण त्याच्यापुढं दवाखान्याचा व्हरांडा सुरू होतो, फिनेलचा वास, भिंतीला टेकवलेलं स्ट्रेचर. स्ट्रेचरवर आमचा मिसळणाचा डबा. त्याच्याही पलीकडे नदीचा घाट, काळं पाणी पायऱ्यांना लागलेलं. आणि ह्या सगळ्याच्या खाली, आत्यांपासून माझ्यापर्यंत, ओल्या टाइल्स. सांध्यांमध्ये मिस्त्रीनं खोचलेले प्लास्टिकचे पांढरे क्रॉस.

आत्या पाऊल उचलतात.

"आत्या, ओलं आहे!" मी किंचाळते.

पाऊल अधांतरी थांबतं. जन्मभर ह्या बाईनं पुसलेल्या फरशीवर कुणाला पाय ठेवू दिला नाही. मतं मागायला आलेला उमेदवार हात जोडून बाहेर ताटकळला, सख्खा जावई चपला हातात धरून उभा राहिला. आता स्वतःचा नियम त्यांनाच मोडवत नाही. मला हसू फुटतं, घाबरल्यावर फुटतं तसलं मेलं.

"कधी वाळायचं?" त्या विचारतात.

"बराच वेळ लागेल, आत्या."

"एवढी सवड नाही मला." पाय खाली घेतात, मान लांब करतात आणि हाक मारतात. "भालू! ए भालू! ये रे बाळा."

आत खाट वाजते. मेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण झोपेतल्या माणसाला कोण सांगणार? आणि आईची हाक म्हटल्यावर कुठला मुलगा गप्प बसेल? ह्यांनी घसा खाकरल्याचं मला ऐकू येतं. अहो बोलू नका, बोलू नका हो, असं ओरडायचंय मला, पण जीभ टाळ्याला चिकटलीये. सगळा जोर लावून एकच अक्षर निघतं.

"ओ!"

पंखासुद्धा गप्प होतो. आत्या माझ्याकडं बघतात. नांदायला आल्यापासून पहिल्यांदा मायेनं बघतात, आणि त्यानंच माझ्या काळजाचं पाणी होतं.

"बरं," त्या म्हणतात. "तू तर तू. चल."

"ओलं आहे, आत्या."

"असू दे की. फरशी तुझी. तुला कोण अडवणार? ये."

"अगं, ओ ओ काय करतेस? कुणी बोलावलं तुला?"

हे आहेत. आतल्या खोलीच्या दारात, भिंतीला हात न लावता उभे. तोंडावर चक्क तजेला. "भूक लागलीये बघ सणकून. पोहे कर की, शेंगदाणे घालून." ऑपरेशन झाल्यापासून ह्या माणसानं आपणहून घोटभर चहासुद्धा मागितला नव्हता. आनंदानं माझे डोळे भरून येतात.

"करते हं," मी म्हणते.

मग लक्षात येतं, मी चटईवर नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, एक पाय बाहेर, एक आत. आतल्या पायाखालची टाइल चांगली बोटभर दबलीये, चारी सांध्यांतून टाइल चिकटवायचं राखाडी केमिकल वर येऊन माझ्या टाचेला लागलंय. पाऊल सरळ मागच्या दाराकडं वळलेलं आहे.

"काय झालं गं?" हे विचारतात.

"काही नाही," म्हणते, आणि तशीच उभी राहते. दुसरा पाय उचलला तर तो कुठं पडेल, याची मला भीती वाटतेय.